नळी, रस्ता आणि मावेजा

लातूर आणि नांदेडच्या कोर्टांत मी बरीच वर्षं भूसंपादनाची प्रकरणं चालवते. आधी कालव्याची आणि एमआयडीसीची होती, आता महामार्गांची आणि तेल-वायूच्या वाहिन्यांची येतात. टीव्हीवर ‘विकास हवा की पर्यावरण’ असा सामना रंगतो. माझ्या टेबलापाशी बसलेला माणूस या दोन्हींतलं काहीच बोलत नाही. तो सातबारा पुढे सरकवतो आणि विचारतो, “ताई, किती जातंय अन् हाती काय येतंय?” या प्रश्नामागे धावताना जे कळलं, ते लिहिते.

१. नोटीस आली की आधी कायद्याचं नाव वाचा

लोक मावेजाचा आकडा शोधतात. मी कायदा शोधते, कारण आकडा तिथून ठरतो. तेल किंवा वायूची वाहिनी १९६२ च्या कायद्याखाली टाकली जाते. त्यात जमीन तुमच्याच नावावर राहते, कंपनीला मिळतो तो फक्त वापराचा हक्क. त्यासाठी त्या पट्ट्याच्या बाजारभावाच्या १० टक्के रक्कम आणि पिकाचं, झाडांचं नुकसान वेगळं. अधिसूचना निघाल्यापासून २१ दिवसांत आक्षेप घ्यायचा. रक्कम पटली नाही तर जिल्हा न्यायाधीशांकडे जाता येतं. पण त्या पट्ट्यात पुढे घर, विहीर, तळं, झाड यातलं काहीही घेता येत नाही. सोयाबीनवाल्याला त्याचं फार वाटत नाही. आंब्याची बाग मनात धरून बसलेल्याला मात्र १० टक्क्यांत जन्माची बंदी पडते.

महामार्गात सातबाऱ्यावरचं नावच जातं. राज्याचे महामार्ग १९५५ च्या महाराष्ट्र महामार्ग कायद्याखाली येतात, आणि २०१८ च्या दुरुस्तीने या कायद्याला २०१३ च्या भूसंपादन कायद्यातल्या संमतीच्या आणि सामाजिक परिणामांच्या अभ्यासाच्या अटींतून सूट मिळाली. ही दुरुस्ती झाली तेव्हा गावात कुणाला पत्ताही नव्हता. आजही बहुतेकांना नाही.

२. काळी वर, मुरूम खाली

वाहिनी बुजवली की वावर परत मिळतं, हे खरं. कसं परत मिळतं, ते औशाकडच्या एका शिवारात पाहिलं. हरभरा गुडघ्याला लागत होता आणि मधोमध एक लांब पट्टा वीतभर, पिवळा. त्या पट्ट्यात मुरमाचे खडे वर आलेले. खोदताना गुत्तेदाराच्या पोकलेनने काळी माती आणि मुरूम एकाच ढिगात टाकला होता आणि बुजवताना तोच ढीग आत लोटला होता. धुऱ्यावर उभे राहून मालक म्हणाले, “एका हंगामाचे पैसे दिले, ताई. माती कितव्या हंगामात येईल ते कुणी लिहून देईना.”

वाहिनीच्या प्रत्येक प्रकरणात मी आता एक मागणी लेखी देते: वरची काळी वेगळी काढावी, वेगळी ठेवावी आणि शेवटी तीच वर पसरावी. बांध, पाट, ठिबकची नळी जशी होती तशी करून द्यावी. कंपनीला याचा फार खर्च नाही. पण मागितल्याशिवाय कुणी करत नाही, आणि मागायचं ते पोकलेन शिवारात यायच्या आधी.

पर्यावरण म्हणजे जंगल आणि वाघ, असं आपल्याकडे धरून चालतात. मराठवाड्यात जंगल आहे किती? किनवट-माहूरचा पट्टा सोडला तर आमचं पर्यावरण म्हणजे ही फूट-दोन फूट काळी आणि तिच्याखालचं पाणी.

३. शेतातल्या नळीला जनसुनावणी नसते

हे सांगितलं की लोकांचा विश्वास बसत नाही. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेप्रमाणे तेल-वायूच्या वाहिनीला पर्यावरण मंजुरी लागते ती अभयारण्य, राष्ट्रीय उद्यान किंवा संवेदनशील क्षेत्रातून जात असेल तर. साध्या शेतातून जाणारीला नाही, म्हणून जनसुनावणीही नाही. त्यामुळे गावाला विचारायचं असतं ते विचारायला जागाच उरत नाही. किल्लारीच्या बाजूचे लोक हमखास विचारतात, “भूकंप झाला तर नळी फुटंल का?” ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट ज्यांनी पाहिली, त्यांचा हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याला उत्तरही आहे. ठरावीक अंतरावर झडपा असतात, दाब एकदम पडला तर मधला भाग बंद करता येतो. पण हे गावात येऊन, मराठीत, तोंडावर सांगणारा अभियंता मला क्वचितच भेटला.

४. नोकऱ्यांचा आकडा ऐकला की विचारा, किती वर्षांच्या?

अमेरिकेत कीस्टोन एक्सएल तेलवाहिनीवर वर्षानुवर्षं भांडण चाललं. तिथल्या परराष्ट्र खात्याच्या २०१४ च्या अहवालात बांधकामाच्या काळात सुमारे ४२ हजार रोजगारांना आधार मिळेल असं होतं आणि वाहिनी चालू झाल्यावर सुमारे ५०. दोन्ही आकडे एकाच अहवालातले. ज्याने त्याने आपल्या सोयीचा उचलला. २०२१ च्या जानेवारीत बायडेन यांनी परवानाच रद्द केला.

आपल्याकडे वेगळं काही नाही. वेल्डर आणि मशीनवाले बाहेरून येतात, गावातल्या पोरांना खड्ड्याचं काम. पुढे वाहिनीवर पायी गस्त घालणारे चार-दोन जण लागतात. नळी हा रोजगाराचा प्रकल्प नव्हेच. तिचा फायदा दुसरा आहे. मुंबईहून पुण्यामार्गे सोलापूरजवळच्या पाकणीपर्यंत तेल नळीने येतं, म्हणजे तेवढे टँकर घाट चढत नाहीत. हा फायदा खरा आहे, तोच सांगावा. नोकऱ्यांचं गाजर कशाला?

कारखान्याचंही तेच. लातूरच्या रेल्वे डबे कारखान्याचं भूमिपूजन ३१ मार्च २०१८ ला झालं. डिसेंबर २०२० मध्ये पहिल्या डब्याचा सांगाडा बाहेर पडला. पुढची कितीतरी वर्षं इथली आयटीआय झालेली पोरं भरतीची जाहिरात शोधत राहिली. तिथल्या वंदे भारत गाड्यांच्या कामाचा करार झाला तो २०२३ मध्ये.

५. मोजणीच्या दिवशी लग्नाला जाऊ नका

संयुक्त मोजणीच्या तक्त्यात जे उतरलं नाही, ते कोर्टात असून नसल्यासारखं. बोअर, विहीर, झाडांची संख्या, गोठा, जमिनीखालची स्वतःची पाइपलाइन, सगळं लिहून घ्या. ई-पीक पाहणी वेळेवर करा. सही करण्याआधी तक्त्याचा फोटो काढा.

६. मावेजा नावाला मिळतो, हाताला नाही

बटईने करणारा, सालदार, निंदणीला येणाऱ्या बाया यांचं नाव कुठल्याच तक्त्यात नसतं. जमीन गेली की त्यांचं काम त्याच दिवशी जातं. रोजगाराच्या हिशेबात मिळणाऱ्या नोकऱ्या मोजतात, या गेलेल्या कुणी मोजत नाही. आणि भावकीतली भांडणं? रक्कम जमा झाली की माझ्याकडे सरकारविरुद्धच्या दाव्यांपेक्षा भावाविरुद्धचे दावे जास्त येतात.

७. विरोध करणाऱ्यांनीही आपलं ताट तपासावं

१ जानेवारी २०२४ ला टँकरचालक संपावर गेले तेव्हा पेट्रोल पंपांवर लागलेल्या रांगांत मीही होते. तेल सगळ्यांना हवं, नळी फक्त आपल्या वावरात नको. पाण्याचं याहून वाईट. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं. एरवी इंधन वाहणाऱ्या टाक्यांच्या वाघिणी राजस्थानात कोट्याला वाफेने धुऊन त्यात भरून आणलं. तेव्हाही मांजराकाठी ऊस होता, आजही आहे. मांजरा धरण आटवायला कुठलीही तेल कंपनी आली नव्हती.

८. शक्तिपीठ महामार्गाबद्दल माझं मत

मंजुरीच्या वेळची आखणी पवनार ते पत्रादेवी, ८०२ किलोमीटर, १२ जिल्हे. २४ जून २०२५ ला मंत्रिमंडळाने मंजुरी दिली, भूसंपादन आणि आखणीसाठी २०,७८७ कोटी. १ जुलैला, कृषी दिनीच, शेतकरी रस्त्यावर उतरले. कोल्हापुरात २०२४ च्या विधानसभेआधी अधिसूचना मागे घेतली गेली होती. आमच्याकडे तेवढी राजकीय ताकद नाही, हे कडू पण खरं.

तुळजापूर, औसा, लातूर, अहमदपूर, लोहा, नांदेड, अर्धापूर, पुढे यवतमाळ, वर्धा, नागपूर असा राष्ट्रीय महामार्ग आहेच. बाजूला दुसरा कशाला, याचं पटणारं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. अर्धापूरची केळी इसापूरच्या कालव्यावर उभी आहे. कालवा एका बाजूला आणि बाग दुसऱ्या बाजूला राहिली, तर उरलेल्या जमिनीचा भाव मावेजात बसत नाही. नळीशी तडजोड होऊ शकते, आणि मी अनेकांना ती करायला लावली आहे. या रस्त्याशी करू नये, असं माझं मत आहे.

मोठ्या महामार्गाला जनसुनावणी असते. तिची नोटीस किमान ३० दिवस आधी निघते आणि अहवालाचा मराठी सारांश जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा परिषदेत पाहायला ठेवावा लागतो. तो आधी जाऊन वाचा, आपला गट नंबर घालून आक्षेप लेखी द्या आणि पोच घ्या.