ऑनलाइन मानसोपचार : लाभ नेमका कोणाला?

बारा राज्यांत घेण्यात आलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीनुसार (२०१५-१६) नैराश्यग्रस्तांपैकी सुमारे ८५ टक्के व्यक्ती उपचारांपासून वंचित होत्या. मनोविकारतज्ज्ञांची संख्या अल्पावधीत वाढविणे शक्य नसल्याने इंटरनेटद्वारे दिल्या जाणाऱ्या बोधात्मक वर्तनोपचाराकडे धोरणकर्त्यांचे लक्ष वळणे स्वाभाविक होय. यात रुग्ण मोबाइल वा संगणकावर क्रमवार पाठ पूर्ण करतो, नकारात्मक विचारांची नोंद ठेवतो आणि दैनंदिन वर्तनात बदल करून पाहतो. हे पाठ एकट्याने करता येतात किंवा प्रशिक्षित मार्गदर्शकाच्या साहाय्याने. पहिल्या प्रकारात एका जादा रुग्णाचा सीमान्त खर्च नगण्य असतो. दुसऱ्यात मनुष्यबळ लागते, आणि तेच दुर्मीळ आहे. ते कोणाला द्यावे, हे ठरविण्यासाठी पूर्वानुमानाची सांख्यिकीय प्रारूपे तयार केली जात आहेत.

येथे एक गल्लत वारंवार होते. ‘कोण बरा होईल’ आणि ‘उपचारामुळे कोणाला लाभ होईल’ हे दोन भिन्न प्रश्न आहेत. नैराश्याच्या मोजमापासाठी ‘पीएचक्यू-९’ ही ० ते २७ गुणांची प्रश्नावली वापरतात. गुण अधिक, तितका त्रास अधिक. समजा, ‘अ’चे ८ गुण मार्गदर्शकासह ४ वर आणि मार्गदर्शकाविना ५ वर येतील, ‘ब’चे १८ गुण अनुक्रमे ९ व १४ वर येतील. अंतिम स्थिती ‘अ’ची चांगली, परंतु मार्गदर्शकामुळे होणारा जादा लाभ ‘अ’ला १ गुणाचा, तर ‘ब’ला ५ गुणांचा आहे. केवळ बरे होण्याची शक्यता पाहणारे प्रारूप मार्गदर्शक ‘अ’ला देऊन मोकळे होईल! चिंताविकारांसाठी ‘जीएडी-७’ ही प्रश्नावली आहे, तर्क तोच.

उदाहरण काल्पनिक असले, तरी ३९ चाचण्यांतील ९,७५१ व्यक्तींची माहिती एकत्र करून २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय विश्लेषणाची दिशा हीच होती. मध्यम व तीव्र नैराश्यात मार्गदर्शनाचा उपयोग अधिक दिसला. सौम्य लक्षणांत दोन्ही प्रकारांत फारसा फरक आढळला नाही. मात्र उपचारानंतर सहा व बारा महिन्यांनी मार्गदर्शनाची सरशी टिकल्याचा पुरावा मिळाला नाही, हेही परीक्षार्थींनी ध्यानात घ्यावे.

प्रारंभीच्या तीव्रतेखेरीज रुग्णाने किती पाठ पूर्ण केले, याचाही प्रारूपे विचार करतात. भारतात नेमका हाच निकष फसवा ठरू शकतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी-५ नुसार (२०१९-२१) १५ ते ४९ वयोगटातील ५७.१ टक्के पुरुषांनी, पण केवळ ३३.३ टक्के स्त्रियांनी कधी ना कधी इंटरनेट वापरले होते. घरात एकच फोन, तोही रात्री पतीच्या हाती, अशा स्त्रीचे पाठ अपुरे राहणारच. प्रारूपाला तिच्या साधनांची उणीव दिसत नाही; ते तिला निरुत्साही समजते. अशा अनुमानावरून तिला उपचारच नाकारले, तर उपचारांतील तफावत अधिकच रुंदावेल.

अशा रुग्णांसाठी आवाजी संपर्काचा मार्ग उपलब्ध आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या ‘टेली मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर साध्या फोनवरूनही समुपदेशकाशी बोलता येते. आत्महत्येचे विचार व्यक्त करणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत मात्र पूर्वानुमानाची वाट न पाहता त्याला तत्काळ तज्ज्ञाकडे पाठविणे आवश्यक असते.