सातवे पाऊल सख्याचे

विवाहसंस्कारात सप्तपदीस विशेष महत्त्व आहे. आश्वलायन गृह्यसूत्रानुसार पहिले पाऊल अन्नासाठी, दुसरे बळासाठी, तिसरे धनवृद्धीसाठी, चौथे सुखासाठी, पाचवे संततीसाठी, सहावे ऋतूंसाठी आणि सातवे सख्यासाठी असते. जेथे सप्तपदीची रूढी आहे, तेथे सातवे पाऊल पडताच विवाह पूर्ण होतो, असे १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यातही नमूद आहे.

हा क्रम मननीय आहे. आधीच्या पावलांत संसाराच्या अपेक्षा आहेत. परंतु त्या सर्व पूर्ण होतीलच असे नाही. कोठे धन टिकत नाही, कोठे संतती होत नाही, तर कोठे आजारपणात बळ सरते. अशा वेळी जोडीदारास दोष देणे सोपे असते. सख्य मात्र सदैव दोघांच्या हाती असते. अपेक्षा मनात दडवून रुसणे हे सख्य नव्हे. ती स्पष्ट सांगावी व दुसऱ्याची अडचणही ऐकून घ्यावी.

दर्शनास आलेल्या दांपत्यांनी देवापाशी मागणे मागण्यापूर्वी एकमेकांस एवढेच विचारावे, “माझ्याकडून काय राहून गेले?”