पत्रातले चित्र पत्रातच कसे पोहोचते?

धम्मचक्र प्रवर्तन दिनाची निमंत्रणे आता अनेक ठिकाणांहून ई-मेलने जातात. संगणकाच्या आज्ञावलीतून एका वेळी शेकडो पत्रे निघतात. परंतु पुष्कळांना शिरोभागी तथागतांच्या प्रतिमेऐवजी रिकामी चौकट दिसते. तिचे कारण व उपाय आम्ही या पाठात मांडीत आहोत.

ई-मेलची मूळ रचना इंग्रजी अक्षरे, अंक व विरामचिन्हे यांपुरतीच होती. तीत देवनागरीला जागा नव्हती, चित्रालाही नव्हती. १९९२ साली नॅथॅनियल बोरेनस्टाइन व नेड फ्रीड यांचे ‘माइम’ हे मानक प्रसिद्ध झाले आणि दोघांनाही एकाच दाराने प्रवेश मिळाला.

एचटीएमएल पत्रात चित्र दाखविण्याचे तीन मार्ग आहेत. पहिला, संकेतस्थळावरील चित्राचा पत्ता देणे. पत्र हलके राहते. मात्र अनेक मेल-सेवा वाचकाच्या परवानगीवाचून बाहेरचे चित्र आणीत नाहीत. रिकामी चौकट बहुधा येथेच उद्भवते. दुसरा, चित्राची सांकेतिक अक्षरे ‘डेटा यूआरआय’ म्हणून मजकुरातच घालणे. जीमेल असे चित्र दाखवीत नाही.

तिसरा मार्ग या कामी अधिक भरवशाचा. मजकूर व चित्र ‘मल्टिपार्ट/रिलेटेड’ या एका वेष्टनात ठेवावे. चित्राच्या भागास ‘कन्टेन्ट-आयडी’ हे ओळखनाम कोनी कंसात द्यावे. मजकुरातील चित्राच्या खुणेत तेच नाम ‘सीआयडी:’ या अक्षरांपुढे, पण कंसाविना लिहावे. नावात एका अक्षराचा फरक पडला, तरी चित्र आपल्या जागी येत नाही. पायथॉन भाषेत ‘ॲड_रिलेटेड’ ही आज्ञा हे वेष्टन बांधून देते.

पाठवताना चित्राचे ‘बेस-६४’ रूपांतर होते. त्यात तीन बाइटांची चार अक्षरे होतात. ३०० केबीचे चित्र सुमारे ४०० केबी जागा घेते. म्हणून चित्र आधी लहान करावे.

शेवटचा मुद्दा आम्हांस सर्वाधिक महत्त्वाचा वाटतो. संपूर्ण निमंत्रणच चित्र करून पाठविण्याची प्रथा पडली आहे. दृष्टिहीन वाचकाचे वाचक-यंत्र अशा चित्रातील मजकुरापुढे सहसा मुके होते. यास्तव तिथी, वेळ व स्थळ देवनागरी मजकुरातच लिहावे, चित्रास ‘ऑल्ट’ वर्णन जोडावे आणि साध्या मजकुराची प्रतही सोबत ठेवावी. निमंत्रण सर्वांना असेल, तर ते सर्वांना वाचता आलेच पाहिजे.