तिचं दुखणं तिच्याच तोंडून

या अंकासाठी ग्वाल्हेरच्या हजिऱ्याहून आलेली चार पत्रं घेतली आहेत. लश्कर आणि मुरारच्या पत्रांची उत्तरं पुढच्या अंकात देईन. ही चार एकत्र घेतली, कारण चारही पत्रांत दवाखाना जवळ आहे, डॉक्टरही आहेत, तरी बाईचं म्हणणं केसपेपरवर उतरलंच नाही किंवा उतरणार नाही अशी भीती आहे.

शंका : वय ४३. दोन वर्षं झाली, पाळीत फार अंगावरून जातं, गाठी पडतात. सोनोग्राफीत तीन सेंटिमीटरची गाठ दिसली. डॉक्टरांनी मला टेबलावरच ठेवून ह्यांना बाहेर बोलावलं आणि सांगितलं, "बच्चेदानी निकलवा लीजिए, आगे चलकर कैंसर हो सकता है." ह्यांनी हो म्हटलं, तारीखही ठरली. ऑपरेशन नकोच असं माझं म्हणणं नाही. पण मला कुणी काही विचारलंच नाही.

समाधान : ताई, ती तारीख आधी पुढे ढकला. जीवाला तातडीचा धोका असता तर तुम्हाला त्याच दिवशी भरती करून घेतलं असतं. तारीख दिली याचा अर्थ विचार करायला वेळ आहे. मात्र तासाला एक पॅड भिजू लागलं, चक्कर आली, छातीत धडधडू लागलं, तर त्या क्षणी दवाखाना गाठायचा.

आता गाठीबद्दल. चाळिशीच्या आसपास फायब्रॉइडच्या गाठी पुष्कळ बायकांना असतात आणि त्यातून कॅन्सर निघणं अत्यंत दुर्मीळ आहे. "पुढे कॅन्सर होईल" या एका वाक्याने किती गर्भाशयं विनाकारण काढली गेली असतील याचा विचार करवत नाही. तुमच्या बाबतीत आधी व्हायला हव्यात त्या तपासण्या साध्या आहेत: हिमोग्लोबिन, थायरॉइड, गाठ आतल्या अस्तरात घुसली आहे की बाहेर आहे हे सांगणारी नीट सोनोग्राफी, आणि गरज वाटली तर अस्तराचा तुकडा काढून तपासणी. ही शेवटची तपासणी पंचेचाळिशीनंतर सहसा टाळू नये. तुमच्या वयातही, रक्तस्राव इतके दिवस चाललेला असल्यामुळे, तिच्याबद्दल विचारा.

उपायही एकच नाही. रक्तस्राव कमी करणाऱ्या ट्रॅनेक्झॅमिक अॅसिडच्या गोळ्या फक्त पाळीच्या दिवसांत घेतात. संप्रेरकांच्या गोळ्या आहेत. गर्भाशयात बसवायचं संप्रेरकयुक्त साधन आहे, ते कित्येक वर्षं काम करतं आणि त्याने अनेकींचं ऑपरेशन टळतं. फक्त गाठ काढता येते. हे सगळं करून भागलं नाही, किंवा सगळं समजून घेऊन तुम्हालाच गर्भाशय काढणं बरं वाटलं, तर तो निर्णयही योग्यच. मात्र अंडाशयं ठेवणार की काढणार, हे वेगळं विचारा. पाळी आपणहून जाण्याआधी दोन्ही अंडाशयं काढली तर रजोनिवृत्ती एका दिवसात अंगावर येते, हाडं लवकर ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो.

सहीचं सांगते. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ मध्ये निकाल दिला. ४४ वर्षांची अविवाहित बाई तपासणीसाठी भूल देऊन टेबलावर होती. डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन गर्भाशय आणि अंडाशयं काढून टाकली. न्यायालयाने म्हटलं, बाई सज्ञान आहे, जीव वाचवण्याची तातडी नव्हती, तेव्हा आईची संमती ही तिची संमती होत नाही, आणि तपासणीला दिलेली संमती अवयव काढायला चालत नाही. आई असो की नवरा, तुमच्या सहीच्या जागी दुसऱ्या कुणाची सही बसत नाही.

अशा गोष्टी फक्त आपल्या गल्लीत होतात असं नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांची गर्भाशयं मोठ्या संख्येने काढल्याचं उघड झालं, तेव्हा २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ऐंशी हजारांहून अधिक जणींच्या पाहणीत तेरा हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. पाळीमुळे खाडा पडू नये, मजुरी बुडू नये, म्हणून अवयवच काढायचा! त्या बायकांनाही कॅन्सरचीच भीती घातली गेली होती. पुढे एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं लागू करायला सर्व राज्यांना सांगितलं.

सगळे कागद घेऊन कमलाराजा रुग्णालयाच्या ओपीडीत दुसरं मत घ्या. ते गजरा राजा वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे, वरिष्ठ डॉक्टर भेटतात. गर्दी असते, सकाळी लवकर जा. यजमानांना बरोबर न्या, पण बोलायला सुरुवात तुम्ही करा.

शंका : मुलगी १७ वर्षांची. पाळीत दोन-तीन दिवस अंथरुणातून उठत नाही, उलट्या होतात, शाळा बुडते. सोनोग्राफी नॉर्मल आली. डॉक्टर म्हणाल्या, लग्न झालं की थांबेल.

समाधान : लग्न हे पोटदुखीचं औषध नाही. थोडं दुखणं स्वाभाविक, पण शाळा बुडवणारं दुखणं स्वाभाविक नाही. मेफेनॅमिक अॅसिडसारखी गोळी दुखणं कळसाला पोचल्यावर घेतली तर कमी लागू पडते. पाळीची चाहूल लागताच, पोटात काही घालून, डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळांनी द्या. दोन-तीन महिन्यांत फरक पडला नाही तर एंडोमेट्रिओसिसचा विचार व्हायला हवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने पाळीच्या वयातल्या सुमारे १० टक्के बायकांना हा आजार असतो, आणि सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून तो नाही असं ठरत नाही. निदानाला जगभर वर्षानुवर्षं लागतात, आणि त्यातली पहिली काही वर्षं बहुधा "सहन कर" हे ऐकण्यात जातात. तिला वही करून द्या: तारीख, दुखणं दहापैकी किती, किती गोळ्या, शाळा बुडाली का, लघवी-शौचाच्या वेळी दुखतं का. पुढच्या वेळी वही डॉक्टरांपुढे तिलाच ठेवू द्या. तुम्ही शेजारी बसा.

शंका : सातवा महिना, पहिलटकरीण आहे. जावेला बाळंतपणात ओरडली म्हणून नर्सने थप्पड मारली होती. मला सरकारी दवाखान्यात जायची भीती वाटते. घरीच केलं तर?

समाधान : घरी नको. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव घटकाभरात जीव घेतो, आणि त्यावरचे उपाय दवाखान्यातच होतात. तुमची भीती मात्र खरी आहे आणि ती घालवायची जबाबदारी दवाखान्याची आहे.

केंद्र सरकारने २०१६ मध्येच सरकारी दवाखान्यांत प्रसूतीच्या वेळी सोबत एक बाई ठेवायला मान्यता दिली. २०१७ च्या 'लक्ष्य' कार्यक्रमात प्रसूतिकक्षातली सन्मानाची वागणूक गुणवत्तेच्या मोजमापात घेतली गेली, आणि २०१९ च्या 'सुमन' योजनेने मोफत, सन्मानपूर्वक सेवेचं आश्वासन दिलं. थप्पड यातल्या कशातच बसत नाही. ती गुन्ह्यासारखीच वागणूक आहे आणि "कळा येण्यासाठी मारावं लागतं" हे म्हणणं निखालस खोटं आहे. सोबत कोण येणार हे आत्ताच ठरवा. स्वतः बाळंतपण पाहिलेली, धीराची बाई हवी. आठव्या महिन्याच्या तपासणीला तिला घेऊन जा, प्रसूतिकक्षाच्या सिस्टरांशी ओळख करून घ्या, सोबत येणार असल्याचं सांगून ठेवा. नाही म्हटलं तर तिथल्या प्रभारी डॉक्टरांकडे जा, आणि तिथेही दाद लागली नाही तर १८१ या सीएम हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. डोकं फार दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, चेहरा सुजला, अंगावरून रक्त गेलं, बाळाची हालचाल कमी वाटली, तर तारखेची वाट पाहू नका.

शंका : मी याच भागात प्रॅक्टिस करणारा तरुण डॉक्टर आहे. तुमचं सदर आई वाचते आणि मला ऐकवते. दिवसाला ऐंशी पेशंट. सून आली की सासू बोलते, बाई आली की नवरा बोलतो. ऐकायला वेळ कुठून आणू?

समाधान : तुम्ही लिहिलंत याचा मनापासून आनंद झाला. वेळेची अडचण खरी आहे, पण ऐकायला आपल्याला वाटतो तितका वेळ लागत नाही. १९८४ मध्ये अमेरिकेत बेकमन आणि फ्रँकेल यांनी तपासण्या ध्वनिमुद्रित करून पाहिलं, तर डॉक्टर रुग्णाचं बोलणं सरासरी १८ सेकंदांत तोडत होते. स्वित्झर्लंडमध्ये २००२ च्या एका अभ्यासात डॉक्टरांना मध्ये न बोलण्याची ताकीद दिली, तेव्हा रुग्णांनी सरासरी ९२ सेकंदांत बोलणं आपणहून संपवलं. दीड मिनिट! चुकीच्या गोळीसाठी ती बाई तीनदा परत येते, त्यात याहून जास्त वेळ जातो.

नातेवाईकांना अपमान न वाटू देता बाहेर काढता येतं. "तपासायचंय, आपण जरा बाहेर बसा," एवढं पुरतं. तपासताना नर्स किंवा आया आत हवीच. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेल्या आणि केंद्राने २०१९ मध्ये राज्यांना पाठवलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत तसा स्पष्ट हक्क आहे. मग सुनेला पहिला प्रश्न, "तुम्हाला स्वतःला काय होतंय?" आणि उत्तर तिच्या शब्दांत लिहा. "कमर में जान नहीं रहती" असं ती म्हणाली तर तसंच लिहा, नुसतं 'अशक्तपणा' लिहून मोकळे होऊ नका. कमरेतली ती कळ कधी अंग बाहेर येण्याची असते, कधी लघवीच्या जंतुसंसर्गाची, आणि कधी रात्री नवऱ्याने मारल्याची. एका शब्दात आटपलं की या तिन्ही वाटा बंद होतात. मारहाणीची शंका आली तर ती एकटी असतानाच विचारा, आणि ती काय म्हणाली हे घरच्यांना सांगू नका.

एक गोष्ट उद्यापासूनच करा. पन्नाशी ओलांडलेली बाई दम लागतो, जबडा किंवा पाठ दुखते, मळमळतं, घाम सुटतो असं सांगत आली, तर गॅसची गोळी लिहिण्याआधी ईसीजी काढा. हृदयविकाराच्या झटक्यात बायकांना छातीत दुखण्याखेरीज ही लक्षणं जास्त दिसतात, म्हणूनच त्यांचं निदान मागे पडतं. मधुमेह असेल तर वयाची अटही पाहू नका. बाई दारात आल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी निघायला हवा. तुमच्याकडे यंत्र नसेल तर अॅस्पिरिन देण्याजोगी स्थिती आहे का ते पाहून तिला लगेच पुढे पाठवा, आणि चिठ्ठीवर तिची लक्षणं किती वाजता सुरू झाली ते लिहा. ती वेळ तिलाच विचारा. ती नीट सांगू शकत असेल तर मुलाला किंवा सुनेला विचारू नका.