थायरॉइडच्या कर्करोगानंतर पाळणा केव्हा?

भगिनींनो, थायरॉइडच्या कर्करोगावर किरणोत्सारी आयोडीन घेतलं, म्हणजे आता कूस उजवणार नाही, असं मनात आणू नका. पाळी काही महिने मागंपुढं होईल. पण बहुतेकींना पुढं दिवस राहतात. घाई मात्र नको.

या औषधाचा जोर दर 8 दिवसांनी निम्मा होतो. मग थांबायचं कशाला? स्त्रीबीजांना सावरायला वेळ हवा आणि पुन्हा उपचार लागणार नाही ना, हेही पाहायचं असतं. शिवाय दिवस असताना हे औषध पोटात गेलं, तर बाळाच्या थायरॉइडला इजा होऊ शकते.

म्हणून :

1. किमान 6 महिने, डॉक्टरांनी सांगितल्यास वर्षभर, पाळणा लांबवा. उपचार पतीनं घेतला असेल, तर किमान 4 महिने थांबा.

2. तोवर निरोध वापरा किंवा तांबी बसवून घ्या. सरकारी आरोग्य केंद्रात तांबी मोफत बसवतात.

3. थायरॉइडची गोळी कधीही बंद करू नका. पाळी चुकताच रक्त तपासून घ्या. गोळीचं प्रमाण बहुधा वाढवावं लागतं.

4. ही गोळी सकाळी उपाशीपोटी घ्या. लोहाची व कॅल्शियमची गोळी 4 तासांनंतर.

आधी आईची तब्येत, मग पाळणा!