चौघांनी वाहून आणलेला मनुष्य

(मंडळ्यांतील अभ्यासवर्गांसाठी पाठ)

शास्त्रभाग : मार्क 2:1-12; लूक 10:25-37.

मुख्य विचार : दूरचे साहाय्य त्यालाच वाचवू शकते, ज्याला जवळच्यांनी जगविले आहे.

कफर्णहूम येथील ही गोष्ट आमच्या मंडळ्यांतील लहान मुलांसही ठाऊक आहे. पक्षघाताने पडलेला एक मनुष्य, त्यास बाजेवर घालून आणणारे चौघे, दाराशी न मावणारी गर्दी, उकललेले छप्पर आणि वरून खाली सोडलेली बाज. ह्या भागावर उपदेश करिताना आम्ही बहुधा प्रभूच्या क्षमावचनावर बोलतो, आणि ते योग्यच आहे. परंतु मार्क एक बारीक गोष्ट नमूद करितो, ती सहसा आमच्या नजरेतून सुटते. प्रभूने विश्वास पाहिला तो एकट्या रोग्याचा नव्हता, अनेकांचा होता. आणि त्या अनेकांत ते चौघे वाहक खचितच येतात. त्या चौघांच्या तोंडी मार्काने एकही शब्द घातलेला नाही. त्यांचा विश्वास दिसला तो त्यांच्या खांद्यांवरून व हातांवरून.

ही गोष्ट आम्हांस नीट उमगली ती अभ्यासिकेत बसून नव्हे, तर तारकर्लीच्या वाळूवर, आणि उमगली तेव्हा आमची मान खाली गेली.

काही वर्षांपूर्वी आम्ही आमच्या मंडळीतील तरुणांस घेऊन मालवणाजवळील तारकर्ली गावी गेलो होतो. ज्यांनी तो किनारा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगितले पाहिजे की, ह्या गावाच्या एका अंगास अरबी समुद्र आहे व दुसऱ्या अंगास कर्ली नदीची खाडी आहे. पुढे देवबागेपाशी भूमी चिंचोळी होत होत संगमात संपते. दुपारची वेळ होती. एकाएकी ओरड झाली. कोणा अनोळखी कुटुंबातील एक मुलगा पाण्याच्या ओढीत सापडला होता. दोघा मच्छीमार तरुणांनी त्यास बाहेर आणिले, पण त्याचा श्वास चालत नव्हता. कोणी म्हणे, पालथा घालून पोट दाबा. कोणी म्हणे, पाय धरून उलटा टांगा. एक गृहस्थ आकाशाकडे हात करून, "हेलिकॉप्टर बोलवा, हेलिकॉप्टर!" असे पुनःपुन्हा ओरडत होते. आम्ही वाळूत गुडघे टेकून प्रार्थना करू लागलो.

त्या दोघा तरुणांतील एकाने मात्र कोणाकडेही पाहिले नाही. त्याने मुलास उताणे निजविले, हनुवटी वर उचलली, नाक चिमटीत धरून तोंडाने श्वास दिला, आणि मग छातीच्या मधोमध तळहात ठेवून दाबण्यास आरंभ केला. दुसऱ्याने दूरध्वनी करून रुग्णवाहिका मागविली. काही वेळाने मुलास खोकला आला, ओकारी झाली व श्वास परत आला. रुग्णवाहिका आली तेव्हा ती एका जिवंत मुलास घेऊन गेली.

त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही. प्रार्थना केल्याचे आम्हांस दुःख नाही. ती केलीच पाहिजे होती. पण देवाने तिचे उत्तर दिले ते हातभर अंतरावरील एका तरुणाच्या हातांनी. तो तरुण तेथे नसता तर आमचे हात काय करीत होते? ते जोडलेले होते, कारण दुसरे काही करण्याचे आम्ही इतक्या वर्षांत कधी शिकलोच नव्हतो. आजचा पाठ आम्ही प्रथम स्वतःस शिकवीत आहो.

1. एका पाळकाचे स्वप्न

विमानाने रोग्यापर्यंत जाण्याची व्यवस्थित सेवा जगात प्रथम उभी राहिली तिच्या मुळाशी एक पाळकच होता, हे आमच्या वाचकांस आनंदाचे वाटेल. ऑस्ट्रेलियातील प्रेस्बिटेरियन मंडळीचे जॉन फ्लिन ह्यांनी 1912 साली त्या देशाच्या ओसाड अंतर्भागासाठी मिशन सुरू केले. तेथे एका वस्तीपासून दुसरी वस्ती कोसोगणती दूर असे.

1917 साली हॉल्स क्रीक नावाच्या ठिकाणी जिमी डार्सी हा गुराखी घोड्यावरून पडून जबर जखमी झाला. तेथे डॉक्टर नव्हता. टपाल कचेरीतील टकेट नावाच्या अधिकाऱ्याने, दूर पर्थ शहरातील डॉक्टर तारेने सांगत होते त्याप्रमाणे, साध्या चाकूने त्याच्यावर शस्त्रक्रिया केली. मग ते डॉक्टर स्वतः आगबोटीने व मोटारीने निघाले. ते पोहोचले त्याच्या आदल्या दिवशी डार्सीने प्राण सोडला होता. त्याच वर्षी क्लिफर्ड पील नावाच्या एका तरुण वैद्यकीय विद्यार्थ्याने फ्लिन ह्यांस पत्र लिहून, ह्या कामी विमान कसे उपयोगी पडेल ते मांडले. पील 1918 साली युद्धात मारला गेला. आपली कल्पना साकार झालेली त्यास पाहावयास मिळाली नाही. 17 मे 1928 रोजी क्लोनकरी गावाहून पहिल्या उडत्या डॉक्टरचे विमान निघाले.

आता लक्ष द्यावे अशी गोष्ट ही की, केवळ विमान असून भागले नाही. रानातील घरातून डॉक्टरास हाक कशी मारावी? आल्फ्रेड ट्रेगर ह्यांनी सायकलीप्रमाणे पायांनी फिरवून वीज निर्माण करणारे बिनतारी यंत्र तयार केले, व ते 1929 सालापासून दूरदूरच्या घरी बसू लागले. पुढे प्रत्येक औषधास क्रमांक दिलेल्या पेट्याही ठिकठिकाणी ठेवण्यात आल्या. डॉक्टर दुरून सांगे, अमुक क्रमांकाचे औषध द्या. आणि घरची माउली ते देई. म्हणजे आकाशातील विमानास जमिनीवरील तीन गोष्टींची जोड लागली : हाक मारण्याचे साधन, जवळ ठेवलेले औषध, व ते देण्यास शिकलेला हात.

2. आमच्या कोकणचा अनुभव

इतक्या दूर जाण्याचेही कारण नाही. मे 2021 मधील तौक्ते वादळात मुंबईजवळच्या समुद्रात पी-305 नावाचा तराफा बुडाला. नौदलाने 180 हून अधिक माणसे वाचविली; तरी पुष्कळांस जलसमाधी मिळाली. वादळाचा जोर होता तोवर मुख्य भार नौकांवर पडला. हवामान काहीसे निवळल्यावर हेलिकॉप्टरे धावून आली. हेलिकॉप्टर हे मोठे वरदान आहे, पण वारा, धुके, पाऊस व रात्र ह्यांपुढे त्यासही थांबावे लागते, आणि कोकणात संकट पुष्कळदा ह्याच वेळी येते.

त्याच वर्षी 22 जुलै रोजी महाड तालुक्यातील तळिये गावावर डोंगर कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. रस्ते पाण्याने व दरडींनी अडले होते. बाहेरील पथके येईपर्यंत मातीत हात घातले ते गावकऱ्यांनीच. पुढे 24 मे 2022 रोजी तारकर्लीच्याच समुद्रात पर्यटकांची नौका उलटली व दोघे मृत्यू पावले. बुडणाऱ्यांस प्रथम आधार मिळाला तो जवळपासच्या होड्यांतील माणसांचा.

साधने वाढली आहेत, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. महाराष्ट्रात 2014 साली 937 रुग्णवाहिका घेऊन 108 क्रमांकाची सेवा सुरू झाली. सिंधुदुर्ग जिल्ह्याचे रुग्णालय ओरोस येथे आहे. त्याहून मोठ्या उपचारासाठी येथील रोगी गोव्यातील बांबोळीच्या इस्पितळात जातात, व ती वाट तारकर्लीहून शंभर किलोमीटरांहून अधिक आहे. खाडीपलीकडे चिपी येथील विमानतळ 9 ऑक्टोबर 2021 रोजी उघडला. उत्तराखंडात हृषीकेशच्या एम्स रुग्णालयाने 29 ऑक्टोबर 2024 रोजी रोग्यांसाठी हेलिकॉप्टरची सेवा सुरू केली. परंतु ह्या सर्वांस वेळ लागतो. श्वास बंद पडलेल्या मनुष्याच्या मेंदूस चार-पाच मिनिटांतच इजा होऊ लागते. इतक्या अवधीत कोणतेही विमान येत नाही. येतो तो शेजारी.

3. पहिली मिनिटे कोणाची?

शोमरोनी मनुष्याची गोष्ट ह्या दृष्टीने पुन्हा वाचावी. त्याने काय केले, ह्याचा क्रम लूक सांगतो : जवळ गेला, जखमांस तेल व द्राक्षारस लावून त्या बांधल्या, आपल्या जनावरावर बसविले, उतारशाळेत नेले, आणि पुढील खर्चाची तजवीज केली. प्रथमोपचार, वाहन, इस्पितळ व पैसा, ही सारी साखळी तेथे आहे. तिची पहिली कडी, म्हणजे जवळ जाणे, हीच याजकाने व लेव्याने टाळिली.

आजही पुष्कळ लोक पोलिसांच्या चौकशीच्या भयाने दूर उभे राहतात. त्यांनी जाणावे की, सर्वोच्च न्यायालयाने 2016 साली, व मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीने, रस्त्यावरील अपघातग्रस्तांस सद्भावाने साहाय्य करणाऱ्यास संरक्षण दिले आहे. त्याने आपले नाव सांगितलेच पाहिजे अशी सक्ती नाही. आणि कायद्यात अशा मनुष्यास जे नाव आहे ते प्रभूच्या ह्याच दाखल्यातून आलेले आहे. कायद्याने दाखल्याचे नाव घ्यावे आणि मंडळीने मात्र त्याचे काम सोडावे, हे शोभत नाही.

म्हणून पुढील गोष्टी प्रत्येक घरी माहीत असाव्या.

बुडालेला मनुष्य : पोट दाबू नये, उलटे टांगू नये, गरगर फिरवू नये, त्यात मोलाचा वेळ जातो. श्वास चालत नसेल तर उताणे निजवून, मान मागे व हनुवटी वर करून प्रथम तोंडाने श्वास द्यावे. मग छातीच्या मधोमध 30 वेळा दाबावे व 2 श्वास द्यावे, असा क्रम मदत येईपर्यंत चालू ठेवावा. दाबण्याची गती मिनिटास 100 ते 120 असावी, आणि मोठ्या माणसाची छाती पाच-सहा सेंटिमीटर खाली जावी. पोहता न येणाऱ्याने पाण्यात उडी घालू नये. दोर, बांबू किंवा रिकामा डबा फेकावा.

सर्पदंश : नाग, मण्यार, घोणस व फुरसे ह्यांच्या विषावर लस आहे, पण ती दवाखान्यातच मिळते. दंश झालेला अवयव हलू देऊ नये, फळीचा आधार द्यावा. आवळून दोरी बांधणे, चिरा देणे, विष चोखणे व मांत्रिकाकडे नेणे, हे चारही टाळावे.

हाक : रुग्णवाहिकेस 108, सर्व संकटांस 112, आणि समुद्रातील संकटासाठी तटरक्षक दलास 1554. ठिकाण, रोग्यांची संख्या व त्यांची अवस्था स्पष्ट सांगावी, आणि समोरच्याने सांगितल्यावाचून दूरध्वनी ठेवू नये.

हेलिकॉप्टर आलेच तर : सुमारे तीस मीटर लांब-रुंद, सपाट व कठीण जागा मोकळी करावी. तारा व झाडे जवळ नसावी. पत्रे, ताडपत्री, छत्र्या ह्या उडणाऱ्या वस्तू दूर कराव्या व मुलांस मागे धरावे. चालकाने खूण केल्यावरच, त्याच्या दृष्टीसमोरून, वाकून जावे. मागील पंख्याकडे कधीही जाऊ नये.

हे वाचून सर्व आले असे कोणी समजू नये. हात शिकतात ते करूनच. रेडक्रॉस व सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्स ह्या संस्था प्रथमोपचार शिकवितात; जवळच्या सरकारी दवाखान्यातील डॉक्टरांस विनंती करूनही वर्ग भरविता येईल.

4. मंडळीचे चार खांदे

आमच्या पूर्वजांस ही सेवा नवी नव्हती. 1894 साली मिरजेस डॉ. वानलेस ह्यांनी मिशनचे इस्पितळ उभारिले, आणि ह्याच सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर वेंगुर्ल्यास प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉ. गोहीन ह्यांनी रोग्यांची सेवा केली. त्या काळी रोगी डोलीतून किंवा बैलगाडीतून येत. त्या डोलीस खांदा देणाऱ्यांची नावे कोणत्याही अहवालात आढळत नाहीत, जशी त्या चौघांची नावे शुभवर्तमानात नाहीत.

आम्ही असे सुचवितो की, प्रत्येक मंडळीने चार जण नेमावे. एकाने श्वास देणे व छाती दाबणे पक्के शिकावे. दुसऱ्याने दूरध्वनीचे क्रमांक, जवळचा दवाखाना व विषाची लस कोठे मिळते, ह्याची माहिती ताजी ठेवावी. तिसऱ्याने रात्री-बेरात्री मिळेल असे वाहन ठरवून ठेवावे, आणि जेथे रस्ता नाही तेथे डोली तयार ठेवावी. चौथ्याने रोग्याच्या घरच्यांजवळ राहावे, मागे उरलेली मुले व गुरे सांभाळावी, आणि थोडा निधी हाताशी ठेवावा. हे चौघे मंडळीतल्या लोकांचेच नव्हेत, तर साऱ्या गावाचे असावे. शोमरोनी मनुष्याने जखमी माणसाची जात विचारिली नव्हती.

मनन व चर्चेसाठी प्रश्न

(1) आपल्या गावात आज रात्री कोणाचा श्वास बंद पडला, तर पहिल्या पाच मिनिटांत कोण काय करील?
(2) मार्काच्या गोष्टीत छप्पर उकलावे लागले. आपल्या गावी रोगी व उपचार ह्यांच्या मध्ये कोणते छप्पर आहे : अज्ञान, भय, पैसा की जातिभेद?
(3) प्रार्थना व शिकलेले हात ह्यांत विरोध आहे काय?

शेवटच्या प्रश्नाचे आमचे उत्तर आम्ही सांगून ठेवितो. तारकर्लीहून परत आल्यावर, वयाची चाळिशी उलटलेली असता, आम्ही तरुणांच्या रांगेत बसून प्रथमोपचाराचा वर्ग पुरा केला. आरंभी हात अवघडले, शिक्षकांनी दोनदा चूक दाखविली. ह्यापुढे कोणी किनाऱ्यावर वा रस्त्यावर पडलेला दिसला, तर आम्ही प्रार्थना करूच. पण तेव्हा आमचे हात त्याच्या छातीवर असतील. देव ते काम आम्हांवर न आणो. आणि आणिलेच, तर आम्हांस तयार पाहो.