न ऐकू येणारा आवाज आणि घरातले उंदीर
(द्वितीय वर्ष, कला)

भिंतीवरच्या प्लगात खोचायची एक पांढरी डबी आमच्या गल्लीत चार-पाच घरांनी घेतली आहे. आमच्याकडेही आहे. उंदीर, झुरळे, डास सारे पळून जातील, असे तिच्या खोक्यावर छापले आहे. तिच्यापायी आईची दीड दिवसाची मजुरी गेली, म्हणून ती नेमके काय करते हे मी वाचून काढले. मी कला शाखेची विद्यार्थिनी. भिस्त सारी दहावीच्या विज्ञानावर आणि ग्रंथालयावर.

माणसाला साधारणपणे २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. त्यापलीकडचा तो श्राव्यातीत ध्वनी. ही डबी तसा आवाज काढते म्हणे. तो आपल्याला ऐकू येत नाही, आणि विकणाऱ्याचे फावते ते इथेच! "अगं, दिवा तर लागतोय की," असे आई म्हणते.

उंदराला मात्र हा आवाज ऐकू येतो. त्याची पिल्ले आईला हाका मारतात त्यादेखील श्राव्यातीत आवाजात. तेव्हा मूळ कल्पना अगदीच पोकळ नाही. नवा आवाज सुरू झाला की उंदीर बिचकतो. पण खाणे जवळ असले की थोड्या दिवसांत सरावतो. रुळाशेजारी राहणाऱ्यांची झोप गाडीने मोडत नाही, तसेच हे. शिवाय कंपनसंख्या जितकी जास्त, तितका आवाज हवेत लवकर विरतो. भिंत, कपाट, धान्याचे पोते त्याला अडवते आणि पलीकडे आवाजाची जणू सावली पडते. उंदराचा मुक्काम तर पोत्यामागेच असतो.

झुरळाच्या पाठीमागे दोन छोटे अवयव असतात. त्यांवरच्या केसांना हवेची हालचाल कळते, म्हणून चप्पल पडायच्या आत ते सटकते. नर डास शृंगिकांनी मादीच्या पंखांचा आवाज टिपतो, पण तो काही शे हर्ट्झचा, म्हणजे आपल्यालाही ऐकू येणारा. डास पळवणाऱ्या अशा यंत्रांच्या दहा क्षेत्रीय चाचण्यांचा आढावा २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यांत डास चावण्याचे कमी झाल्याचा पुरावा मिळाला नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने तर २००१ मध्येच साठाहून अधिक उत्पादक व विक्रेत्यांना पत्रे धाडून बजावले होते की, असल्या दाव्यांना शास्त्रीय पुरावा हवा.

पैसे गेले याचे मला तितके वाटत नाही. शेजारच्या घरी डबी आली आणि मच्छरदाणी माळ्यावर गेली, याची खरी धास्ती वाटते. त्या घरात सहा महिन्यांचे बाळ आहे, आणि डेंग्यूचा डास चावतो तो दिवसाउजेडी. मी काकूंना हे सांगितले. त्या म्हणाल्या, "कॉलेजात हेच शिकवतात का गं?" दुसऱ्या दिवशी मच्छरदाणी दोरीवर वाळत होती.

शिसपेन्सिल जाईल एवढ्या भोकातूनही लहान उंदीर आत शिरतो. आमच्या मोरीजवळची दोन बिळे आम्ही काचा आणि सिमेंट घालून बुजवली, ज्वारी पत्र्याच्या कोठीत ओतली. प्लगवर आता माझा अभ्यासाचा दिवा लागतो.